सदर जागेची पाहणी

हे लिहायचं नाही असं त्यानं जवळजवळ ठरवलंच होतं. लिहिणं हे त्याचं काम, पण दुसऱ्याचं बोलणं लिहिणं. विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळाची बैठक भरली की भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायचं, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा, आणि लांब टेबलाभोवतीची अकरा माणसं काय म्हणाली, काय ठरलं, त्याचं इतिवृत्त करायचं. कुणी बोललं नाही ते लिहायचं नाही, हा त्या खुर्चीचा नियम. आणि शुक्रवारी तर नेमकं कुणीच काही बोललं नव्हतं. तोसुद्धा. म्हणून तीनदा त्यानं कोरी फाइल उघडली, चार ओळी बडवल्या आणि पुसल्या. चौथ्यांदा पुसायला गेला आणि बोट तसंच राहिलं. राहिलं तर राहिलं, म्हणाला, आता होऊन जाऊ दे.

त्याला या बैठकांचं एक वेड होतं, ते आधी सांगायला हवं. दीड वर्षात त्यानं नऊ बैठका बघितल्या आणि पहिलीपासून तो एकच गोष्ट पकडायला टपलेला: निर्णय नेमका होतो कधी? विषय सुरू होतो तेव्हा तो झालेला नसतो. पुढचा विषय सुरू होतो तेव्हा झालेला असतो. मग मधे कुठे? अध्यक्ष चष्मा काढून पुसतात तेव्हा? वित्त अधिकारी 'तरतूद आहे' म्हणतात तेव्हा? की कोपऱ्यातला कारखानदार सदस्य घड्याळाकडे बघतो तेव्हा? लहानपणी दुधाला उकळी फुटायचा क्षण पकडायला तो असाच ओट्यापाशी उभा राहायचा, आणि जरा मान वळली की दूध वर. आई म्हणायची, "बघत बसलं की उशीर करतं आणि वळलं की उतू जातं. तुझ्यावरच गेलंय." इथेही तेच. अध्यक्ष म्हणत, "सगळे सहमत?" मग शांतता. कुणाची तरी बशी वाजे. मग "मंजूर." त्या शांततेची लांबी त्यानं मोजलेली होती, चार सेकंद. जे काय होतं ते त्या चार सेकंदांत होत असणार, असं त्याला वाटायचं, आणि दर वेळी तो डोळे फाडून बघायचा, आणि दर वेळी काहीच दिसायचं नाही. गंमत म्हणजे 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द त्यानं दोन दिवस आधीच टाइप केलेले असायचे. तशीच पद्धत होती. विषयपत्रिका आली की त्यावरून अख्खं इतिवृत्त आधी तयार करायचं, बैठकीत फक्त फरक पडला तर बदलायचं. नऊ बैठकांत दोनदा फरक पडला होता. एकदा एका सदस्याचं आडनाव चुकलं होतं आणि एकदा बैठक अर्धा तास उशिरा सुरू झाली होती.

तर शुक्रवार. विषय सात, विज्ञान संकुलाचा विस्तार आणि त्यासाठी बँकेचं कर्ज. वित्त अधिकारी उभे राहिले. हडकुळा माणूस, आकडे सांगताना डोळे मिटतो, आतल्या भिंतीवर लिहिलेलं वाचल्यासारखा. शासनाचं अनुदान हवं तर या आर्थिक वर्षात पाया पडला पाहिजे. पायाला कर्ज पाहिजे. कर्जाला मोकळी जागा पाहिजे. "आणि भूखंड नऊ मोकळा आहे," ते डोळे न उघडता म्हणाले, "आपल्याच मागच्या इतिवृत्तात आहे." आपल्या इतिवृत्ताचं नाव निघालं म्हणून तो भिंतीकडे बसल्या बसल्या थोडा ताठ झाला, हेही खरं. मग इमारत विभागाच्या अभियंत्यानं बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर नकाशा पडला. हिरवी झाडं, करड्या इमारती, रसायनशास्त्र, त्याच्या मागे एक पांढरा चौकोन. चौकोनात अक्षरं, रिकामी जागा.

काल दुपारी त्यानं त्या पांढऱ्यात बसून डबा खाल्ला होता.

आधी त्याला वाटलं, नकाशा उलटा लावलाय. मग वाटलं, दुसरी जागा असेल. मग त्यानं रसायनशास्त्राच्या जिन्यापासून मनातल्या मनात चालायला सुरुवात केली. सोळा पावलं, पाण्याची टाकी, डावीकडे वळण, पत्र्याची शेड. बरोबर पांढऱ्याच्या मधोमध. त्या शेडमध्ये फुग्या बसतो. फुग्या म्हणजे विद्यापीठाचा काचकाम करणारा. सगळ्या प्रयोगशाळांच्या फुटलेल्या नळ्या, तडकलेले फ्लास्क, जगात कुठे विकत न मिळणारी वाकडीतिकडी भांडी तो ज्योतीवर काच फिरवून, तोंडानं फुंकून करतो, गाल फुगतात म्हणून फुग्या. वयानं त्याच्या दुप्पट, तरी दोस्त. पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं म्हणून हा डबा घेऊन भटकत होता, तेव्हा शेडमधून आवाज आला होता, "ए टकटक, उभ्यानं जेवतोस काय घोड्यासारखा, ये आत." नवा टाइप करणारा आलाय हे त्याच्या कानावर गेलेलं, तेव्हापासून याचं नाव टकटक. आत चार बर्नर, एक भट्टी, भिंतीला टांगलेल्या शेकडो नळ्या, गॅसचा किंचित गोडसर वास, एक मोडकं स्टूल, ते याचं. हे सगळं त्या भिंतीवर पांढरं होतं. त्याला स्वतःचाच पांढऱ्यात बसलेला, घास हातात धरलेला आकार दिसला आणि कसंसंच झालं. भीती नाही. खरं सांगायचं तर आधी नवल वाटलं. इतकं सगळं नाहीसं कसं करता येतं?

"सगळे सहमत?" अध्यक्ष म्हणाले.

आणि तो त्या चार सेकंदांच्या आत सापडला. इतके दिवस बाहेरून बघत होता, आता आतून. आतून ते चार नव्हते, खूप होते. मांडीवर लॅपटॉप तापलेला. समोर अकरा पाठी, म्हणजे खरं तर सहा पाठी आणि पाच चेहरे. भिंतीकडच्या खुर्चीवरून कुणी बोलल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, बोललं तर ते लिहायचं कुणी, हाही प्रश्नच. एका सदस्य बाईंनी बिस्किट चहात बुडवलं होतं, ते अर्धं तुटून आत पडलं. त्या कपात बघत राहिल्या. तोही बघत राहिला.

"मंजूर."

बँकेचं व्याजाचं पत्र आलं नव्हतं, म्हणून करारावर सही सोमवारी आणि उरलेले विषयही सोमवारीच, अकरा वाजता, असं ठरून सगळे उठले.

तो तडक अभियंत्याच्या खोलीत गेला. जाताना स्वतःशी म्हणाला, बघू तर, पांढरा रंग दिला कुणी? अभियंता भला माणूस. गुंडाळलेले नकाशे काखेत मारून कुलूप शोधत होता.

"साहेब, काचवाल्याची शेड नकाशात का नाही?"

"तात्पुरती आहे ती."

"किती वर्षं?"

"मी लागलो तेव्हाही तात्पुरतीच होती. कायमची असती तर नकाशात नसती का आली?"

"पण तुम्ही बघितलीय ना?"

"बघितलीय म्हणजे? माझ्या घरच्या कंदिलाची काच त्यानंच जोडून दिलीय."

"मग 'रिकामी' कसं लिहिलंत?"

"मी नाही बाबा लिहिलं." अभियंता दुखावला. "मी चौकोनात प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. मंडळानं जाऊन पाहणी केली, रिकामी म्हणाले, मी प्रश्नचिन्ह काढलं. अकरा जणांपुढे माझ्या एका प्रश्नचिन्हाचं काय घेऊन बसलास?" आणि कपाटातून त्यानं मागच्या बैठकीचं इतिवृत्त काढलं, बोट ठेवून दाखवलं. 'सदर जागेची सदस्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली असून ती रिकामी असल्याची खात्री केली.'

पूर्णविरामानंतर दोन स्पेस होत्या.

दोन स्पेस जगात दुसरं कुणी देत नाही. आईच्या झेरॉक्सच्या दुकानात जुना कीबोर्ड होता, त्याची स्पेसची पट्टी एकदा दाबून ऐकायची नाही, म्हणून दोनदा दाबायची सवय लागली ती लागलीच. त्याच कीबोर्डवर तो टाइप करायला शिकला, कुणी शिकवलं नाही. लोक यायचे अर्ज घेऊन. रजेचा अर्ज, पाण्याच्या जोडणीचा अर्ज, भाडेकरार, नोकरीचा अर्ज. बारा वर्षांच्या त्याला फार लवकर एक गुपित कळलं होतं: सगळे अर्ज एकच असतात. नाव बदलायचं, तारीख बदलायची, मधलं धड तेच. "साचा सांभाळून ठेव," आई म्हणायची, "देवानं माणसं नाहीतर कशी केली असतील इतकी?" त्या साच्यांवर त्याचं शिक्षण झालं, त्या साच्यांवर त्याला ही नोकरी लागली, कारण परीक्षेत एका तासात त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त पानं काढली होती. आणि दोन महिन्यांपूर्वी 'भूखंड नऊ, विस्तारास तत्त्वतः मंजुरी' असा विषय आला तेव्हा त्यानं काय केलं? वर्षभरापूर्वीचा क्रीडांगणाचा ठराव उघडला, नाव बदललं, आकडा बदलला. क्रीडांगण बघायला सगळे खरंच गेले होते, टोप्या घालून, त्यानं फोटोही काढले होते. तेव्हाचं वाक्य खरं होतं. ते वाक्य उचललं आणि भूखंड नऊवर ठेवलं. भूखंड नऊ म्हणजे कुठे, हे त्याला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. कुणीच विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी विषय एकला ते इतिवृत्त 'वाचून कायम' झालं, आणि 'वाचून' हा शब्दही त्याचाच.

अभियंत्याच्या दारात उभा राहून त्याला हसू यायला लागलं. वाईट प्रकारचं. दीड वर्षं तो निर्णय कुठे होतो ते टेबलावर शोधत होता, आणि हा एक तरी निर्णय त्याच्या बोटांतून होऊन गेला होता, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तो डब्याचा विचार करत असताना.

मग जागेवर येऊन त्यानं अर्थसंकल्पाचं जाडं पुस्तक उघडलं. म्हटलं, नकाशात नाही तर हिशोबात तरी फुग्या असेल. शोधत गेला. वेतनाच्या पानावर 'प्रयोगशाळा परिचर, एक' एवढंच. काचकाम हा शब्दच नाही. आणि पुढे एक ओळ, काचसामान दुरुस्ती, शून्य. त्याच्या मागच्या वर्षी शून्य. त्याच्याही मागे शून्य. वित्त अधिकारी दर वर्षी हे अभिमानानं सांगायचे, रसायनशास्त्रानं दुरुस्तीवर एक पैसा खर्च केला नाही म्हणून. अरे, नाही केला कारण तिथे एक माणूस दिवसभर गाल फुगवून बसलाय! त्यानं इतकं नीट काम केलं की खर्चच दिसेना, आणि खर्च दिसेना म्हणून तोच दिसेना. हे त्याला इतकं विलक्षण वाटलं की क्षणभर तो फुग्याचं काय होणार हे विसरून त्या शून्याकडेच बघत बसला.

कुलसचिव मॅडम निघायच्या तयारीत होत्या. पर्स खांद्याला, एक चप्पल पायात.

"मॅडम, मागच्या इतिवृत्तात एक वाक्य चुकलंय. पाहणीचं. पाहणी झालीच नव्हती."

"झाली नव्हती हे तुला कसं माहीत?"

"मी लिहिली ना. क्रीडांगणावरून उचलली."

मॅडमनी दुसरी चप्पल घातली. "सकाळीच कायम झालंय ते. अकरा जणांनी केलंय."

"त्यांनी वाचलं नव्हतं."

"वाचून कायम केलं असं तू लिहिलंयस."

मॅडम परत खुर्चीत बसल्या, पर्स तशीच खांद्याला. "तिथे आठशे मुलांची सोय होणार आहे, माहितीय ना? अनुदान गेलं तर परत मिळत नाही." त्याला माहीत होतं. त्याची धाकटी बहीण मागच्या वर्षी जागा नाहीत म्हणून याच विद्यापीठातून परत आली होती आणि आता आईच्या दुकानात झेरॉक्स काढत होती. इमारत नको असं त्याचं म्हणणंच नव्हतं.

"तुझी नेमणुकीची ऑर्डर कधी संपते?"

"महिनाअखेर. सोमवारीच आहे सहा महिन्यांची मुदतवाढ. विषय बारा."

"काय लिहिलंयस?"

तो लाजला. "सर्वानुमते मंजूर."

मॅडम हसल्या, पहिल्यांदाच. मग खिडकीकडे बघत, त्याला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "चौदावा विषय काय असतो नेहमी?"

"अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय."

"कधी आलाय?"

"नाही. मी नुसताच टाइप करतो."

"लेखी पत्र आलं तर मला ते मांडावं लागतं. लिहिणाऱ्याला खुलाशाला उभं राहावं लागतं. पण सोमवारी पहिली सही होणार कर्जावर. चौदाव्यापर्यंत थांबलास तर तुझा बारावा झालेला असेल, आणि सहीही झालेली असेल. सहीच्या आधी हवं असेल तर मी अध्यक्षांना सुरुवातीलाच विचारीन. मग मात्र तुझा बारावा अजून व्हायचा असेल." त्या उठल्या. "मी तुला काही सांगितलेलं नाही. दिवा बंद कर जाताना."

शेडचं दार उघडंच होतं. फुग्या जांभळट चष्मा लावून ज्योतीत एक जाड नळी फिरवत होता, तोंडात रबराची नळी, गाल अजून फुगलेले नव्हते. काच मऊ होऊन मधासारखी झाली होती.

"काय टकटक, तोंड का असं? सभासद केलं की काय तुला?"

"तुझी शेड रिकामी आहे."

"रिकामी? सकाळपासून पाणी प्यायला उठलो नाही मी."

मग त्यानं सांगितलं. सगळं, दोन स्पेससकट. उभ्यानंच. फुग्यानं हात थांबवला नाही. थांबवताच येत नाही, फिरवणं थांबलं की मऊ काच एका बाजूला लोंबते आणि काम वाया जातं, हे याला माहीत होतं, म्हणून फुग्या काहीच का बोलत नाही हे त्याला कळेना, काचेमुळे की त्याच्यामुळे. नळी फिरत राहिली. दोन्ही हातांची बोटं सारखीच, एका लयीत, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. मग फुग्यानं हलकेच फुंकलं, मधाचा गोळा झाला, गोळ्याचा फुगा झाला, आणि तो ज्योतीबाहेर काढून गार होईपर्यंत फिरवत त्यानं विचारलं, "किती ओळीत?"

"एक. दीड म्हण."

"सव्वीस वर्षं बसलोय मी इथे." फुग्यानं चष्मा कपाळावर चढवला. डोळ्यांभोवती चष्म्याचा वळ. "दीड ओळ? अरे निदान पानभर तरी लिहायचं होतंस. लोक मेल्यावर सुद्धा चार ओळी छापतात."

"रागाव ना."

"रागावतोय. माझी पद्धत आहे. जोरात श्वास घेतला की काच फुटते, म्हणून सवय नाही." त्यानं फुगा भट्टीत ठेवला, दार लावलं, आणि लावल्यावरही हात दाराच्या मुठीवरच राहिला. "दुसरीकडे बसवतील म्हणतील. ही भट्टी उचलली तर ढासळेल, गॅसची लाइन ओढायला दोन वर्षं परवानग्या. माझी चार राहिलीत. कळलं? गणित कर तूच." मग एकदम, "आणि तू काय करणार? पाया पडणार त्यांच्या, पाडू नका म्हणून?"

"नाही. इमारत बांधायलाच पाहिजे. माझी बहीण..." तो अडखळला. "मी एवढंच म्हणणार, पाहणी झालेली नाही. आधी येऊन बघा."

"आणि बघून पाडली तर?"

"तर बघून पाडतील."

फुग्यानं रबराची नळी खुंटीला अडकवली. "हे बरंय. आंधळ्याच्या गाडीखाली येण्यापेक्षा डोळसाच्या खाली आलेलं बरं, निदान ब्रेक दाबायची आशा." मग हसला, आणि हसू अर्ध्यात थांबलं. "तुझा तो बारावा विषय?"

"नंतर येतो."

"मग चौदाव्याला उभा राहा की, शहाण्या!"

"तोवर सही होते."

"गाढव आहेस."

"आहेच. म्हणून तर वाक्य उचललं."

त्यानं मोडक्या स्टुलावर बसून लॅपटॉप उघडला. साचा नव्हता. चुकीच्या कबुलीचा अर्ज आईच्या दुकानात कधी कुणी करून घ्यायला आला नव्हता. पहिली ओळ यायला जन्म गेला, मग धडाधड आलं, मग परत थांबलं. मोठ्यानं वाचलं: "सदर जागेवर एक शेड असून त्यात तीन बर्नर..."

"चार. तो कोपऱ्यातला तुला दिसत नाही काय, पाठ लावून बसतोस त्याला रोज."

"चार बर्नर, एक भट्टी, एक गरीब व होतकरू..."

"गरीब काढ. होतकरू तर काढच, चोपन्न वर्षांचा आहे मी."

"एक कुशल कारागीर?"

"एक माणूस," फुग्या म्हणाला. "मोजायला सोपं."

एक माणूस, असं त्यानं लिहिलं. नंतर शून्याची गोष्ट लिहिली, दुरुस्तीखाली का शून्य दिसतं ती, आणि ती लिहिताना त्याला परत तेच नवल वाटलं, आणि मनात आलं, वित्त अधिकाऱ्यांनाही वाटेल, डोळे उघडतील ते. कदाचित नाही उघडणार. बघायला तर हवं. सोमवारच्या त्या चार सेकंदांबद्दल त्याला आता भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती, आणि हे फुग्याला सांगायची लाज वाटली, कारण पणाला लागलेलं त्याचं सहा महिन्यांचं होतं आणि फुग्याचं सव्वीस वर्षांचं.

फुग्यानं एकेक बर्नरचा गॅस बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं, इतका वेळ आवाज होता हे तेव्हा कळलं.

"एक कर," तो पाठमोराच म्हणाला. "ठरेल ते ठरेल. पण नंतर मला लिफाफा येईल. शिपाई येईल, वहीत सही घेईल, उभा राहील मी वाचेपर्यंत. तसं नको. कागदावरून मला कळायला नको."

"नाही कळणार."

"आत्ता म्हणशील."

"ऐक," तो म्हणाला आणि स्टुलावरून उठला. "सोमवारी बैठक उठली की पहिला इथे मी येतो. शेड राहिली तर येतो. गेली तर आधी येतो. माझी ऑर्डर गेली, मला गेटवरून आत सोडलं नाही, तर टाकीमागच्या भिंतीवरून येतो. पण तुला जे कळेल ते माझ्या तोंडून कळेल. वचन देतो तुला."